सेंटर ते कमिशनर : जेक गॉडॉर यांची कारकीर्द कशी वाचावी?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



खेळाडूंची चरित्रं वाचताना एक साचा आपल्याला वारंवार भेटतो. मैदानावरचा घाम, मग कप, मग निवृत्ती आणि शेवटी मैदानाबाहेरची खुर्ची. आधी खेळाडू, मग व्यवस्थापक, मग अध्यक्ष. एकेक पायरी वर. हा साचा लिहायला सोपा आणि वाचायला त्याहून सोपा. आज मला या साच्यावर टीका करायची आहे. त्यासाठी मी मुद्दाम असा माणूस निवडलाय, ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी ऐकलेलं नसेल. जेक गॉडॉर. कॅनेडियन फुटबॉलमधले सेंटर, हॅमिल्टन टायगर-कॅट्स क्लबचे अध्यक्ष आणि जनरल मॅनेजर, आणि पुढे १९६८ ते १९८४ अशी सोळा वर्षं कॅनेडियन फुटबॉल लीगचे कमिशनर.

अनोळखी माणूस निवडण्याचा एक फायदा असतो. त्याच्याविषयी आपल्या मनात आधीपासून प्रेम नसतं आणि रागही नसतो. गावसकर किंवा तेंडुलकर घेतले असते तर आपला निम्मा वेळ बाजू घेण्यातच गेला असता. कॅनडातून ऐकणाऱ्यांपैकी काहींनी हॅमिल्टनचे काळे-पिवळे झेंडे पाहिले असतील. त्यांनी जरा दम धरावा, क्लबाच्या कौतुकाचीही वेळ येणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गॉडॉर यांनी खुर्च्या बदलल्या, पण त्यांच्या कामाची जात तीच राहिली. मैदानावर ते चेंडू दुसऱ्याच्या हाती देत आणि मग त्या माणसाचं रक्षण करत. क्लबमध्ये आणि लीगमध्येही त्यांनी तेच केलं. म्हणून त्यांना मोजायचं असेल तर ‘किती वर गेले’ ही पट्टी कामाची नाही. कोणाला वाचवलं आणि वाचवताना कोण उघड्यावर राहिलं, हे विचारावं लागतं. आणि ते विचारलं की चित्र कौतुकाच्या लेखांत दिसतं तेवढं गुळगुळीत राहत नाही.

ओणवा उभा राहणारा माणूस

आधी खेळ समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. कॅनेडियन फुटबॉल हा रग्बीतून निघालेला, अमेरिकन फुटबॉलचा सख्खा भाऊ म्हणावा असा खेळ. पण भावाभावांत फरक आहेत. अमेरिकेत एका बाजूला अकरा खेळाडू, कॅनडात बारा. अमेरिकेत मैदान शंभर यार्ड लांब आणि त्रेपन्न यार्डांहून थोडं रुंद. कॅनडात एकशे दहा यार्ड लांब आणि पासष्ट यार्ड रुंद. अमेरिकेत दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीन. यातला तिसरा प्रयत्न बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब मारण्यातच जातो, म्हणजे हातात खरे दोनच. त्यामुळे कॅनडाचा खेळ जास्त मोकळा, जास्त पळापळीचा, हवेतून चेंडू फेकण्यावर जास्त भर देणारा.

आता या पळापळीच्या खेळात एक माणसांची रांग असते, जी फारशी पळत नाही. ते लाइनमन. रांगेच्या मधोमध सेंटर. तो ओणवा होतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. चेंडू हातातून सुटला त्या क्षणी समोरचा धिप्पाड गडी अंगावर येतो, आणि सेंटरला त्याला अडवायचं असतं, मागच्या माणसाला फेकायला दोन-तीन सेकंद मिळावेत म्हणून. बस्स, हेच काम. खेळाचा प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो आणि गुणफलकावर त्याचं नाव जवळजवळ कधीच येत नाही. आपल्या कबड्डीत पकड करणाऱ्याच्या नावावर निदान गुण तरी लागतो. सेंटरच्या नावावर काय लागतं? चूक झाली तर ती.

इथेच चरित्रकाराची पंचाईत होते. ज्याच्या नावावर आकडे नाहीत, त्याच्या खेळाचं वर्णन कसं करायचं? मग तो खेळाची वर्षं चार ओळींत उरकतो आणि घाईघाईने ऑफिसात जातो. साचा असा तयार होतो: खेळणं म्हणजे तयारी, आणि ऑफिस म्हणजे खरी कारकीर्द.

शिडी इथेच मोडते

गॉडॉर यांचा जन्म १९२० सालचा, ओंटारियोतल्या ओरिलिया गावचा. वडिलांचं नावही जेक गॉडॉरच, आणि ते एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीतले जगज्जेते होते. १८९६ ते १९०१ हे जेतेपद त्यांच्याकडे होतं. म्हणजे घरात खेळ होताच, पण तो एकट्याचा खेळ. मुलाने निवडला तो बारा जणांचा, आणि त्यातही सगळ्यांत कमी दिसणारी जागा.

१९४० साली ते हॅमिल्टन टायगर्सकडून खेळले, पुढच्या वर्षी टोरांटो आर्गोनॉट्सकडून. मग युद्ध आलं. नेहमीच्या स्पर्धा बंद पडल्या आणि फुटबॉल सैन्यदलांच्या संघांकडे गेला. १९४२ साली टोरांटोच्या हवाई दलाच्या हरिकेन्स संघाने ग्रे कप जिंकला, विनिपेगच्या हवाई दलाच्या संघाला ८–५ ने हरवून. त्या संघात गॉडॉर होते. ग्रे कप म्हणजे कॅनेडियन फुटबॉलचं सर्वोच्च विजेतेपद. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, हॅमिल्टन फ्लाइंग वाइल्डकॅट्सने तोच कप जिंकला, २३–१४. त्यातही ते होते.

आता शिडीवाल्यांनी इथे थांबावं. कारण युद्ध संपताना हा पंचविशीतला खेळाडू टोरांटो इंडियन्स नावाच्या संघात खेळतो, आणि तिथे तो केवळ खेळाडू नसतो, संघाच्या मालकीतही त्याचा वाटा असतो. म्हणजे सकाळी हिशेबाची वही आणि दुपारी मैदानावर चिखल. त्यानंतर ते १९४७ मध्ये माँट्रियल अलुएट्सकडून खेळले, मग परत हॅमिल्टनला आले. १९५० साली हॅमिल्टनमधले दोन भांडणारे क्लब, टायगर्स आणि वाइल्डकॅट्स, एकत्र झाले आणि टायगर-कॅट्स जन्माला आला. एका पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात दोन संघांना पुरेल एवढे प्रेक्षक आणि पैसा नव्हता, हे साधं कारण. १९५३ मध्ये या नव्या क्लबने विनिपेगला १२–६ ने हरवून ग्रे कप घेतला. गॉडॉर यांचा खेळाडू म्हणून हा तिसरा.

तेव्हा ‘आधी खेळाडू, मग व्यवस्थापक’ हे वाक्य त्यांच्या बाबतीत काळाच्या दृष्टीनेच चुकीचं आहे. दोन्ही कामं त्यांच्या आयुष्यात एकमेकांत मिसळलेली होती. त्या काळातल्या कॅनेडियन फुटबॉलमध्ये ते शक्यही होतं, कारण खेळ अजून पूर्ण धंदा झाला नव्हता. कॅनेडियन फुटबॉल लीग हे नावसुद्धा १९५८ सालचं. गॉडॉर यांची पिढी क्लबमध्ये नोकरीला लागली असं म्हणण्यापेक्षा, त्यांनी क्लब उभे राहताना पाहिले, बुडताना पाहिले, जोडले जाताना पाहिले, असं म्हणावं. आज क्लब आहे, उद्या नसेल, ही भीती त्यांच्या हाडीमासी होती. पुढचं सगळं समजायला ही भीती लक्षात ठेवा.

हॅमिल्टनची अकरा वर्षं

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर ते टायगर-कॅट्सच्या कारभारात सर्वेसर्वा झाले. आता कौतुकाचा भाग. १९५७ ते १९६७ या अकरा हंगामांत हॅमिल्टनने नऊ वेळा ग्रे कपची अंतिम फेरी गाठली. फक्त १९६० आणि १९६६ ही दोन वर्षं कोरडी. त्यांपैकी चार जिंकल्या: १९५७, १९६३, १९६५, १९६७.

पण पाच हरल्यादेखील, आणि मला त्या हरलेल्या पाच जास्त बोलक्या वाटतात. १९५८, १९५९, १९६१ आणि १९६२ अशा चार वेळा विनिपेगने हरवलं. १९६१ चा सामना ग्रे कपच्या इतिहासात पहिल्यांदाच जादा वेळेत गेला. १९६२ चा तर टोरांटोत तळ्यावरून आलेल्या धुक्यात अडकला. खेळ थांबवावा लागला, उरलेली नऊ-साडेनऊ मिनिटं दुसऱ्या दिवशी खेळवली गेली, आणि हॅमिल्टन एका गुणाने हरलं, २८–२७. पाच वर्षांत एकाच प्रतिस्पर्ध्याकडून चार अंतिम सामने हरलेल्या क्लबमध्ये सहसा काय होतं? कोचची गच्छंती होते, खेळाडू विकले जातात, वर्तमानपत्रं डोकं मागतात. इथे १९५६ ते १९६७ या बारा हंगामांत मिळून दोनच मुख्य कोच झाले. आधी सात हंगाम जिम ट्रिंबल, जे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया ईगल्सचे कोच राहिलेले होते. मग पाच हंगाम राल्फ साझिओ. साझिओ बाहेरून आणलेले नव्हते. ते १९५० पासून याच क्लबमध्ये होते, आधी टॅकल म्हणून खेळत, मग सहायक कोच म्हणून. मुख्य कोच झाल्यावर पाच वर्षांत तीन ग्रे कप.

ही गोष्ट कॅनडात सांगितली जाते तेव्हा पोलादाचं शहर, पोलादी माणसं, पोलादी संघ असा एक सूर लावला जातो. ऐकायला छान आहे. पण कारखाने तर १९६० सालीही होते आणि १९६६ सालीही होते. मग त्या वर्षी पोलाद कुठे गेलं? शहराच्या स्वभावातून संघाचं यश काढणं ही आळशी समीक्षा आहे. मला इथे दिसतो तो कारभाराचा एक ठराविक धर्म: दुसऱ्याच्या हातात चेंडू द्यायचा, आणि लोक अंगावर आले की आपण मध्ये उभं राहायचं. कोचला वेळ मिळवून देणं हे क्वार्टरबॅकला दोन सेकंद मिळवून देण्यासारखंच काम आहे.

इथे तुम्ही म्हणाल, मग लाइनमन हे उत्तम व्यवस्थापक होतात असा नियमच मांडा की! तोही मोह टाळायला हवा, आणि तो टाळायला हॅमिल्टनच्याच रांगेतला एक माणूस मदतीला येतो. जॉन बॅरो. १९५७ पासून टायगर-कॅट्सचे टॅकल, त्या नऊच्या नऊ अंतिम सामन्यांत खेळलेले. १९६७ साली, कॅनडाच्या शताब्दीच्या वर्षी, त्यांना ‘शतकातला लाइनमन’ ठरवलं गेलं. मैदानावर गॉडॉर यांच्यापेक्षा कितीतरी मोठं नाव. हेच बॅरो १९७१ ते १९७५ टोरांटो आर्गोनॉट्सचे जनरल मॅनेजर होते. पहिल्याच वर्षी संघ अंतिम फेरीत गेला आणि कॅलगरीकडून १४–११ ने हरला. त्यानंतर त्यांच्या काळात कप काही आला नाही. मग १९८१ मध्ये त्याच टोरांटोत साझिओ अध्यक्ष म्हणून गेले, आणि १९८३ साली आर्गोनॉट्सने १९५२ नंतरचा आपला पहिला ग्रे कप जिंकला.

म्हणजे हॅमिल्टनच्या एकाच रांगेतले दोन लाइनमन, टोरांटोचा एकच क्लब, आणि दोन वेगळे निकाल. तेव्हा मैदानावरची जागा माणसाला व्यवस्थापक बनवत नाही. ती फार तर त्याला एक सवय देते. सवय उपयोगी पडते की नडते, हे समोर कुठला प्रसंग येतो त्यावर ठरतं.

लीगचा राखणदार

१९६८ साली गॉडॉर लीगचे कमिशनर झाले. त्यांच्या आधी पहिले कमिशनर सिडनी हॉल्टर गेल्यानंतर या खुर्चीत कोणी फार काळ टिकलं नव्हतं. सिनेटर कीथ डेव्ही तर जेमतेम चोपन्न दिवसांत गेले. याचं कारण समजून घ्या. कमिशनर हा शब्द मोठा वाटतो, पण त्याची नेमणूक क्लबच करतात आणि त्याला काढतातही तेच. नऊ क्लब होते. पूर्वेला खासगी मालक, पश्चिमेला सस्कॅचेवान, विनिपेग, एडमंटन यांसारखे लोकांच्या मालकीचे, सभासदांवर चालणारे क्लब. नऊ तोंडं, नऊ हिशेब. अशा ठिकाणी सोळा वर्षं टिकणं हेच एक कौशल्य आहे.

पहिली मोठी कसोटी १९७४ ची. अमेरिकेत वर्ल्ड फुटबॉल लीग नावाची नवी स्पर्धा निघाली आणि तिचा एक संघ टोरांटोत येणार होता: नॉर्थमेन. मालक जॉन एफ. बॅसेट. त्यांनी मायामी डॉल्फिन्सचे तीन बडे खेळाडू, लॅरी झॉन्का, जिम किक आणि पॉल वॉरफील्ड, करारबद्ध करून खळबळ उडवली. गंमत अशी की याच बॅसेट यांच्या वडिलांकडे आर्गोनॉट्सची मालकी होती. घरातच दोन लीग!

कॅनेडियन लीगच्या दृष्टीने हा जिवावरचा प्रश्न होता. टोरांटोचा बाजार गेला तर रेजायनासारख्या छोट्या गावातला क्लब जगणार कसा? शेवटी केंद्र सरकार मध्ये पडलं. मंत्री मार्क लालोंद यांनी संसदेत कॅनेडियन फुटबॉलच्या रक्षणासाठी विधेयक आणलं: अमेरिकन लीगला कॅनडात संघ चालवता येऊ नये असं. विधेयकाचा कायदा कधीच झाला नाही. पण धाक पुरेसा ठरला. नॉर्थमेन टोरांटोत एकही सामना न खेळता मेंफिसला गेले.

हे रक्षण योग्य होतं का? टोरांटोतल्या प्रेक्षकाला काय बघायचं ते सरकारने का ठरवावं, हा प्रश्न रास्त आहे. पण मला गॉडॉर यांची बाजू इथे पटते. बारा खेळाडू, मोठं मैदान, तीन प्रयत्न, हा एका देशाने घडवलेला वेगळा खेळ होता, आणि बाजाराच्या वजनाखाली तो चिरडला गेला असता तर परत उभा राहिला नसता. शिवाय ते खेळ गोठवून बसले असंही नाही. त्यांच्याच काळात, १९७५ मध्ये, टचडाउननंतर दोन गुणांचा पर्याय आला. १९८१ मध्ये पूर्व आणि पश्चिम विभागांचे संघ पूर्णपणे एकमेकांशी खेळू लागले. १९७७ चा माँट्रियलमधला ग्रे कप अडुसष्ट हजारांहून जास्त लोकांनी थंडीत बसून पाहिला. खेळ जिवंत होता.

उघडी राहिलेली बाजू

आता दुसरा प्रश्न. या रक्षणात उघडं कोण राहिलं?

आयपीएल पाहणाऱ्यांना पुढचा मुद्दा लगेच कळेल. तिथे अकरांत परदेशी चारच, असा नियम आहे. कॅनेडियन फुटबॉलमध्ये असं बंधन फार जुनं. १९३५ साली विनिपेगने अमेरिकेतून आणलेल्या खेळाडूंच्या जोरावर पश्चिमेला पहिला ग्रे कप मिळवून दिला, आणि पुढच्याच वर्षापासून बाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा घालणारे नियम आले. हेतू चांगला: घरच्या मुलांना जागा मिळावी. आणि मिळाली. विशेषतः रांगेत. क्लबांनी अमेरिकन खेळाडूंसाठीच्या मोजक्या जागा चमकणाऱ्या कामांवर खर्च केल्या आणि कॅनेडियन मुलं मोठ्या संख्येने लाइनमन झाली. गॉडॉर स्वतः त्याच रांगेतले.

पण सगळ्यांत मोठी जागा कोणाची? क्वार्टरबॅकची. १९६९ पर्यंत तिथे रस जॅक्सन होते, ओटावा संघाचे, जन्माने हॅमिल्टनचे, तीन वेळा लीगचे सर्वोत्तम खेळाडू, तीन ग्रे कपांचे मानकरी. पूर्ण कॅनेडियन. १९६९ चा कप जिंकून ते निवृत्त झाले. आणि सत्तरच्या दशकात एक नियम चालला: ‘नामनिर्देशित परदेशी खेळाडू’. तो मैदानात उतरला तर दुसऱ्या एखाद्या परदेशी खेळाडूने उरलेल्या सामन्यासाठी बाहेर जायचं. अपवाद एकच, क्वार्टरबॅक. त्या जागी दोन अमेरिकन हवे तसे आत-बाहेर करू शकत. परिणाम काय, तर क्लबांना दोन अमेरिकन क्वार्टरबॅक ठेवणं सोयीचं झालं, आणि कॅनेडियन क्वार्टरबॅक ठेवण्यात काहीच फायदा उरला नाही. घरच्या मुलांसाठी केलेल्या नियमांनी घरच्याच मुलांचा एक दरवाजा लावून घेतला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी जेमी बोन नावाच्या तरुणाने हा दरवाजा ठोठावला. वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, १९७८ साली देशातल्या विद्यापीठीय फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू. हॅमिल्टन टायगर-कॅट्सने त्याला घेतलं नाही. आपण कॅनेडियन असल्यामुळे आपल्याला खरी संधीच दिली गेली नाही, असं म्हणून तो ओंटारियोच्या मानवाधिकार आयोगाकडे गेला, आणि १९७९ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. जरा विचार करा. कॅनडात, कॅनेडियन लीगमध्ये, कॅनेडियन असल्यामुळे भेदभाव झाला असं एका मंडळाने मान्य केलं. क्लब कोणता? जो गॉडॉर यांनी घडवला तो. लीगच्या प्रमुखपदी कोण? गॉडॉर.

मी हा सगळा दोष एका माणसावर टाकत नाही. नियम क्लबांच्या मतांनी होतात, कमिशनरच्या फर्मानाने नाही. पण सोळा वर्षं ज्याच्या शब्दाला वजन होतं, त्याच्या मूल्यमापनात हा प्रश्न यायलाच हवा. कौतुकाच्या लेखांत तो येत नाही. ‘कॅनेडियन खेळाचा रक्षक’ म्हणताना कुठला कॅनेडियन, हे विचारलं जात नाही. रांगेतला कॅनेडियन वाचला. चेंडू हातात घेऊ पाहणारा कॅनेडियन बाहेर राहिला. २०२२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाचा क्वार्टरबॅक नेथन रोर्क वर्षातला सर्वोत्तम कॅनेडियन ठरला, तेव्हा बातमी झाली ती एवढ्यासाठीच, की असं दृश्य लोक विसरून गेले होते.

दुसरी उघडी बाजू पैशाची. १९८१ पासूनच्या तीन वर्षांसाठी कार्लिंग ओकीफ या बिअर कंपनीने दूरदर्शन हक्कांचे १ कोटी ५६ लाख डॉलर दिले. पुढच्या तीन वर्षांचा करार ३ कोटी ३० लाखांचा. दुपटीहून जास्त. त्या वेळी हे मोठंच यश मानलं गेलं, आणि होतंही. पण टोरांटोचा क्लबसुद्धा याच कंपनीच्या मालकीचा होता, म्हणजे लीगचा मोठा देणगीदार आणि लीगचा सभासद एकच. आणि एकाच नळावर नऊ घरांनी पाणी भरायचं ठरवलं की नळ कोरडा पडल्यावर काय होतं? १९८६ नंतर कंपनी बाजूला झाली. उत्पन्न कोसळलं. २४ जून १९८७ रोजी, हंगाम अगदी तोंडावर असताना, माँट्रियलचा क्लब बंद झाला.

इथे न्यायाने बोलायचं तर गॉडॉर १९८४ मध्येच निवृत्त झाले होते, आणि माँट्रियलचं दुखणं वेगळं होतं. १९८१ मध्ये नेल्सन स्काल्बानिया यांनी तो क्लब घेऊन अमेरिकेतले महागडे खेळाडू आणले, वर्षभरात सगळं विस्कटलं, १९८२ मध्ये चार्ल्स ब्रॉन्फमन यांना नव्या नावाने क्लब उभा करावा लागला. तरीही माझा आक्षेप राहतो. राखणदाराला आजचा हल्ला दिसतो. दोन-तीन सेकंद मिळवून देणं ही त्याची कला. त्या सेकंदांत पुढे चेंडू कुठे जायचा, हे ठरवणं त्याच्या सवयीत नसतं. लीगला त्या पैशाने वेळ मिळाला; त्या वेळात काय उभं करायचं, याचं उत्तर करारात नव्हतं.

मग शेवटी काय मोजायचं?

१९८४ मध्येच गॉडॉर यांची कॅनेडियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. २००७ साली ते गेले. २०१० पासून त्यांच्या नावाने एक पुरस्कार दिला जातो, माजी सैनिकांचे गुण अंगी असलेल्या खेळाडूला. पुरस्कार चांगलाच आहे. पण बघा, स्मृतीने त्यांच्या आयुष्यातला कोणता भाग निवडला? युद्धकाळातला, ज्याबद्दल कोणाचाच वाद नाही. १९७४ चं विधेयक, बोनचा खटला, बिअर कंपनीचा करार, हे वादाचे भाग बाजूला राहिले. साच्याचं काम असंच चालतं. तो खोटं बोलत नाही, फक्त सोयीचं तेवढं ठेवतो.

म्हणून कुठल्याही खेळाडू-व्यवस्थापकाचं चरित्र हातात आलं तर तीन गोष्टी शोधा. मैदानावर त्याची जागा कोणती होती आणि त्या जागेने त्याला कुठली सवय लावली. ती सवय जिथे चालली नाही तो प्रसंग लेखकाने सांगितलाय का. आणि त्याच्या निर्णयांमुळे ज्यांना संधी मिळाली नाही त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव पुस्तकात आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पुस्तक गौरवग्रंथ आहे, चरित्र नाही.

गॉडॉर यांच्याबाबत माझा निष्कर्ष विचाराल तर: त्यांनी एक खेळ बुडू दिला नाही, आणि हे थोडंथोडकं काम नाही. आज ती लीग चालू आहे, माँट्रियललाही १९९६ पासून पुन्हा क्लब आहे. पण वाचवलेल्या घरात सगळ्यांना सारखी जागा होती का, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या काळात ‘नाही’ असंच होतं.

श्रोत्यांमधून एक प्रश्न

प्रश्न : सर, तुमच्या बोलण्यातून असं वाटलं की स्थानिक खेळाडूंसाठी राखीव जागा ठेवणंच चुकीचं. तसं आहे का?

उत्तर : नाही, तसं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या नियमाशिवाय गॉडॉर यांच्यामागून आलेली कितीतरी कॅनेडियन मुलं मैदानावर दिसलीच नसती. माझा आक्षेप अपवादाला आहे. नियम सगळ्या जागांना लागू आणि सर्वांत मानाच्या जागेला तेवढा नाही, असं झालं की राखीव जागेचा अर्थच बदलतो. तुम्हाला आत घेतलंय, पण खांदा द्यायला. हुकूम द्यायला नाही. कुठल्याही संस्थेत हे तपासून बघा. जागा दिली एवढ्यावर थांबू नका. कुठली दिली, ते विचारा.